प्रयागबाईंच्या छातीतली पिशवी

१९७७ च्या जानेवारीत, किन्हीराजा गावच्या शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना प्रयागबाई इंगळे यांचा उजवा हात अर्ध्यावरच थांबला. छातीत कुणी आतून कातडी आवळून धरल्यासारखं झालं. घरी न्हाणीत त्यांनी चाचपून पाहिलं. मऊ असायला हवं तिथं कवठासारखं टणक लागलं.

तीन वर्षांपूर्वी त्याच बाजूला कॅन्सरची गाठ निघाली होती. भाऊ मुंबईला रेल्वेत होता, म्हणून तिथल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि स्तन काढावा लागला. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवू का? वर्गासमोर सारखा पदर सावरून बाई कंटाळल्या होत्या. त्या हो म्हणाल्या. गावात हे फक्त नवऱ्याला, इंद्रभानला, ठाऊक होतं.

घरी सोडताना नर्सनं पुढे काय काय होऊ शकतं ते भराभर सांगितलं होतं. ताप, लाली, पाणी साचणं, एवढं बाईंच्या लक्षात राहिलं. बाकीचं निघायच्या घाईत सुटलं. आता ताप नव्हता, लाली नव्हती. म्हणजे कॅन्सरच परत आला, असं त्यांनी धरून घेतलं.

आठ दिवस त्या याबद्दल कुणाशी बोलल्या नाहीत. हजेरीत एकच नाव दोनदा घेऊ लागल्या. शेवटी त्यांना डाव्या हातानं घागर उचलताना इंद्रभाननं पाहिलं.

"उजव्या हाताले काय झालं?"

"काही नाही."

"मंग तो काहून आखडून धरून राह्यली?"

बाईंनी घागर खाली ठेवली. "ते परत आलं वाटते."

इंद्रभान पुढे आला. "कवापासून?"

"आठ दिस झाले. तुमाले सांगाचं भेव वाटे."

दुसऱ्या दिवशी जवळच्या मालेगावहून एस.टी.नं दोघं अकोल्याला गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं अशी पिशवी कधी पाहिलीच नव्हती. त्यानं दोनदा तपासलं. मग म्हणाला, "ज्यांनी बसवली त्यांनाच दाखवा." बाईंनी त्याचा अर्थ वाईटच लावला. मुंबईच्या गाडीत त्या, शाळेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे द्यायची, ते नवऱ्याला सांगू लागल्या.

"चूप राह्य," इंद्रभान म्हणाला.

मुंबईच्या सर्जननी छाती तपासली, काख तपासली. मग कागदावर एक गोल काढला आणि त्याभोवती दुसरा.

"शरीराला पिशवी परकी वाटते. तिच्याभोवती ते पडदा तयार करतं. तो सगळ्यांनाच होतो. काही जणींचा तो आवळत जातो आणि पिशवी दगडासारखी लागते. तुमचं तेच दिसतंय. पण तुकडा तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"असं होऊ शकते हे तेव्हा सांगितलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं असेल. तुम्हाला कळलं का, हे कुणी विचारलं नसेल."

बाईंनी थैलीतून वही काढली. "आता सावकाश सांगा. मी लिहून घेते."

सर्जननी तीन उपाय सांगितले. हातानं जोरात दाबून पडदा फोडता येतो, पण आतली पिशवी फुटायचा धोका. नवी बसवता येते, पण तिच्याभोवतीही पडदा आवळू शकतो. किंवा काढून टाकता येते.

बाईंनी इंद्रभानकडे पाहिलं. तो म्हणाला, "तुले भेव वाटनार नाही ते कर."

"काढा," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन करून पिशवी काढली; सोबत काढलेल्या पडद्याच्या तुकड्याचा निकाल यायला सहा दिवस लागले. ते दिवस त्यांनी भावाच्या खोलीत काढले. निकालात कॅन्सर नव्हता.

महिन्याभरानं त्या वर्गात उभ्या राहिल्या. सोबतच्या शिक्षिका रुपाबाईंनी विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. भीती मात्र गेली नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं असे, आणि त्याच्या चार दिवस आधीपासून बाईंना झोप येत नसे. तरी एकही तपासणी त्यांनी चुकवली नाही.