वरच्या वस्तीचं पाणी

माझा मामा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होता. रस्त्यावरच्या लोखंडी झाकणाखाली जे चाक असतं, ते फिरवून कुठल्या भागाला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, ते बघणारा माणूस. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी सायकलला आडवी बांधून तो गावभर फिरायचा. काय करता असं कुणी विचारलं, की म्हणायचा, "भल्याभल्यांना पाणी पाजतो." हा विनोद त्यानं तीस वर्षं केला आणि दर वेळी स्वतःच आधी हसला.

कॉलेजसाठी मी त्याच्याकडे राहायला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. कामगारांच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला मामी भाजी चिरायची, दुसऱ्या टोकाला माझी पुस्तकं असायची, आणि मधल्या जागेवरून आमची रोज कुरबूर. भिंतीवरच्या फळीवर युनियनच्या साप्ताहिकाचे अंक वर्षवार सुतळीनं बांधून ठेवलेले. मामी तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. वीस वर्षं नुसती कॉलर. "मी जन्मात एक अख्खा शर्ट शिवला नाही," असं ती म्हणायची, त्यात तक्रारीपेक्षा आश्चर्य जास्त असायचं.

मी अर्थशास्त्र घेतलं होतं. पहिल्याच वर्षी पुस्तकात वाचलं, की कुणी काही ठरवायची गरज नसते, मागणी आणि पुरवठा मिळून सगळं आपोआप ठरतं. हे मी जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं. मामानं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला कामावर घेऊन गेला.

खालच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यानं एक झाकण उचललं. आत ओलसर अंधार होता आणि गंजाचा वास. खालची कॉलनी म्हणजे बंगल्यांची, टाकीपासून उतारावर. वरची वस्ती टेकडीवर. तिथं कपडे धुऊन देणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसांची घरं.

"पाणी उताराला जातं," मामा म्हणाला. "आपोआप ठरू दिलं तर सगळं या बंगल्यांत जाईल आणि टेकडीवर थेंब चढणार नाही. वर पाणी न्यायचं तर इथं दोन तास कुणीतरी बंद करावं लागतं. तो कुणीतरी मी. पण मी स्वतःच्या मनानं करत नाही. गावानं बसून वेळापत्रक ठरवलंय, मी नुसता हात."

मग त्यानं चावी माझ्या हातात दिली. माझ्यानं चाक तसूभरही हललं नाही. पुढच्या चार वर्षांत मी बरीच जाडजूड पुस्तकं वाचली, पण त्या झाकणाशी जेवढं कळलं तेवढं एका दमात पुन्हा कधी कळलं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना नगरपालिकेनं पाणीपुरवठा तीस वर्षांसाठी एका कंपनीला द्यायचं ठरवलं. युनियनची सभा झाली. मामा शाखेचा चिटणीस होता. भाषणबाजी त्याला जमत नसे, तो कागद हातात धरून वाचायचा. त्यानं एवढंच विचारलं, की कंपनीला वेळापत्रक कोण सांगणार, गाव की तिचे भागधारक. टाळ्या पडल्या. नगरपालिकेचा ठराव मात्र झाला तो झालाच. महिन्याभरात कचेरीला निळा रंग लागला, मामाला निळा गणवेश मिळाला, आणि तक्रारीसाठी एक नंबर आला. त्यावर फोन केला की एक गोड आवाज सांगायचा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मामी म्हणायची, इतकं गोड तर तुझा मामा लग्नाआधीही बोलला नव्हता.

लवकरच कंपनीची अडचण झाली. गावाखालच्या जुन्या नळांचे नकाशे कुणाकडेच नव्हते. रेकॉर्डच्या खोलीत वर्षानुवर्षं छतातली पाइप गळत होती. पाणी खात्याचे नकाशे पाण्यानंच खाल्ले होते. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठल्या रस्त्याच्या डांबराखाली गेला आहे, कुठला उलटा फिरतो, हे सगळं मामाच्या आणि त्याच्या हाताखालच्या अकरा रोजंदारी माणसांच्या डोक्यात होतं.

कंपनीची इंजिनिअरबाई एके संध्याकाळी आमच्या घरी आली. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, बोलायला नम्र. मी पुस्तकं उचलून तिला जागा केली. तिनं सांगितलं, मामानं तीन आठवडे तिच्यासोबत बसून एकेक व्हॉल्व्ह दाखवावा, त्याला सुपरवायझर करतील. मामानं दोन गोष्टी मागितल्या. नकाशाची एक प्रत गावच्या वाचनालयात राहील, आणि अकरा जणांचं काम जाणार नाही. ती वर विचारून चार दिवसांनी परत आली. नकाशा ही कंपनीची मालमत्ता राहील, आणि माणसांबद्दल आत्ताच काही सांगता येणार नाही, असं उत्तर आलं होतं. ते सांगताना ती टेबलाकडे बघत होती.

"बाई," मामा म्हणाला, "हे मला माझ्या आधीच्या माणसानं दाखवलं. त्याला त्याच्या आधीच्यानं. माझ्या मालकीचं असतं तर विकलं असतं."

तिनं चहा संपवला आणि गेली. पंधरा दिवसांत अकरा जणांना घरी बसवलं आणि मामाला तक्रार-टेबलावर. चावी काढून घेतली. हिंडत्याफिरत्या माणसाला खुर्चीत डांबलं. संध्याकाळी घरी आला की तो पाय चोळत बसायचा. दिवसभर चालून दुखले नव्हते इतके ते बसून दुखायला लागले.

नकाशाची कल्पना मामीची. एकदा भांडी विसळता विसळता ती म्हणाली, सगळं डोक्यात ठेवून काय मिळवणार, उद्या डोकंच गेलं तर. तिनं ते चिडून म्हटलं होतं, पण मामानं मनावर घेतलं.

मग रविवार सुरू झाले. आज मागे वळून पाहिलं की माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच वाटतात. युनियनच्या जुन्या पोस्टरांच्या कोऱ्या पाठी, लाकडी पट्टी, दोन पेन्सिली. मामा पुढे, मी मागे, आणि काम गेलेल्यांपैकी जे मोकळे असतील ते सोबत. ते भांडायचे फार. एक म्हणायचा, टपालपेटीपासून सात पावलं. दुसरा म्हणायचा, आठ. मग दोघं मोजून दाखवायचे आणि कुणाची पावलं मोठी यावर नवा वाद. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याला आम्ही आजोबा म्हणायचो. तो डांबरावर काठी आपटून, कान लावून सांगायचा, इथं खाली पोकळ आहे. एकदाही चुकला नाही. दुपारी कुठल्यातरी ओट्यावर बसून आम्ही ब्रेड आणि उकडलेली अंडी खायचो, आणि मामा साप्ताहिकातला एखादा लेख मोठ्यानं वाचायचा. अर्ध्या वेळा आजोबा घोरत असायचा. मी काढलेल्या रेघा सरळ येत नाहीत म्हणून सगळे मला हसायचे, आणि मामा म्हणायचा, "पाइप तरी कुठे सरळ आहेत? बरोबर काढतेय ती."

सात महिन्यांत एकशे त्रेचाळीस व्हॉल्व्ह झाले. प्रती काढल्या आणि एक वाचनालयात दिली. ग्रंथपालाला ती कशात नोंदवावी कळेना. त्यानं बराच विचार करून भूगोलाच्या कपाटात ठेवली.

इकडे वरच्या वस्तीचं पाणी दोन तासांवरून एकावर आलं, एकावरून अर्ध्यावर. ज्या भागात मीटर होते आणि बिलं वेळेवर भरली जायची, तिथं नळ दिवसभर चालू. टेकडी हा टोकाचा भाग आहे, तांत्रिक अडचण आहे, असं कंपनी सांगायची, आणि तिचेच टँकर तिथं पाणी विकायला जायचे. उन्हाळ्यात एकदा सलग पाच दिवस वर थेंब आला नाही. पाचव्या सकाळी तिथल्या पन्नासेक बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीत आल्या, तक्रार-टेबलापुढे. मामानं वही उघडली आणि एकेकीची तक्रार लिहून घ्यायला लागला. कपडे धुऊन देणारी एक बाई बराच वेळ बघत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं तक्रार सांगितली नाही.

"दादा, काय करायचं ते तुम्हाला माहितीये," ती म्हणाली. "मग हे लिहिताय कुणासाठी?"

हे मला मामानं पुढे अनेकदा सांगितलं. तो म्हणायचा, तिच्या आवाजात राग असता तर मी लिहीतच राहिलो असतो. राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानं वहीत लिहिलं, 'तक्रार योग्य आहे. निवारणासाठी जात आहे.' खाली सही केली, वेळ घातली. त्याच्याकडून काढून घेतलेली लोखंडी चावी कचेरीच्या कोपऱ्यात उभी होती, ती घेतली आणि निघाला. वाटेत निरोप धाडले, तसे अकरापैकी आठ जण येऊन मिळाले. मलाही कॉलेजात कुणीतरी सांगितलं आणि मी पळत पोचले तेव्हा झाकण उघडलेलं होतं. भर सकाळी, पावणेअकराला, सगळ्यांच्या देखत मामानं खालच्या कॉलनीचा व्हॉल्व्ह बंद केला.

एका बंगल्यातून निवृत्त मास्तर बाहेर आले. अंगात बनियन, गालाला दाढीचा साबण. आता तोंड सुटणार असं आम्हाला वाटलं. त्यांनी बायकांकडे पाहिलं, हंड्यांकडे पाहिलं.

"किती वाजेपर्यंत?"

"पाऊणपर्यंत, सर."

"मग आधी सांगायचं ना. बादल्या भरून ठेवल्या असत्या." आणि साबण वाळायच्या आत ते घरात गेले.

आम्ही टेकडी चढलो. पाण्याला चढायला वीस मिनिटं लागली. आधी नळ खोकला, मग गंजकं तांबडं पाणी, मग स्वच्छ. कुणी घोषणा दिल्या नाहीत. बायकांनी रांग लावली, आणि थोड्या वेळानं कुणीतरी मामाला बसायला एक स्टूल आणून दिलं.

दुपारीच निलंबनाचा कागद आला. कंपनीच्या मालमत्तेत विनापरवाना ढवळाढवळ, असा आरोप. चौकशीत विचारलं, कुणाच्या परवानगीनं केलंत. मामानं तक्रारवही मागवली आणि स्वतःची नोंद वाचून दाखवली. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्याला कामावरून काढलं. त्यानंतर घर मामीच्या कॉलरींवर चाललं.

वरच्या वस्तीच्या बायकांनी मात्र सोडलं नाही. वाचनालयातला नकाशा कुणालाही बघता येत होता, आणि व्हॉल्व्ह कुठे आहे हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी चुकलं की त्या झाकणाभोवती येऊन बसायच्या, विणकाम घेऊन, भाज्या निवडत. दोन महिन्यांनी कंपनीनं गुपचूप जुनं वेळापत्रक लावलं आणि ते आपलं नवं धोरण आहे असं जाहीर केलं. मामा हसून म्हणाला, बारसं त्यांना करू दे, पोर जगलं म्हणजे झालं.

तीस वर्षांचा करार नऊ वर्षांत आटोपला. आम्ही जिंकलो असं म्हणता येणार नाही. कंपनीनं गाव दुसऱ्या कंपनीला विकलं, तिला पुरेसा नफा सुटेना, आणि शेवटी पाणी पुन्हा नगरपालिकेकडे आलं. मी तोवर दुसऱ्या शहरात शिकवायला लागले होते. फोनवर मामाचं अभिनंदन केलं, तर त्यानं विचारलं, अकरा जणांचं काय? सात परत लागले. आजोबा गेला होता. बाकीचे तिघे कामासाठी कुठे कुठे पांगले होते, पत्ता लागला नाही. मामाचं स्वतःचं नोकरीचं वय उलटून गेलं होतं.

उरलेली वर्षं त्यानं युनियनच्या खोलीत दर शनिवारी वर्ग घेतला. संपत्ती कुठून येते, असा पहिला धडा. ऐकायला कधी बारा जण, कधी दोन. तो गेला तेव्हा टेकडीवरून इतकी माणसं आली की जिन्यात उभं राहायला जागा नव्हती.

ती सगळी गेल्यावर मी आणि मामी टेबलाशी बसलो. मी म्हणाले, त्याच्यासारखं धाडस माझ्यात नाही.

"मी दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नव्हते. तू त्याच वर्षी बाहेर शिकायला गेलीस, तुला माहीत नाही," मामी म्हणाली. "नोकरी गेली म्हणून नाही. त्या दिवशी कारखान्यात फोन करून मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्यानं विचारलं नाही. सगळ्या गावाला विचारून करायचं म्हणायचा, आणि मला विचारायचं राहिलं."

"त्याला सांगितलंस कधी?"

"सांगितलं ना. म्हणाला, चुकलं. आणि मग रोज प्रत्येक गोष्ट विचारायला लागला. भाजी कुठली आणू, खिडकी लावू का, पंखा चालू करू का. मला वीट आला शेवटी." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.