चिनी टिलर आणि आमचे तात्या

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी बारामतीतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. मालकांना सगळे तात्या म्हणत. नांगर, ट्रॉल्या आम्ही करायचोच, पण तात्यांचा जीव होता तो त्यांनी स्वतः बनवलेल्या पॉवर टिलरमध्ये, म्हणजे मागून चालत हाकायच्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये. मशीन दणकट होतं. फक्त बांधाला वळवायला दोन माणसं लागत.

अशात काटेवाडीच्या एका बागायतदारानं चिनी टिलर आणला. लाल, चकचकीत आणि आमच्यापेक्षा स्वस्त. तात्यांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, पत्रा किती जाड हाय बघून येऊ."

शेतात पाहतो तर टिलर बागायतदाराची बायको हाकत होती. पदर खोचलेला, बांधाशी आली की एका हातानं वळवायची. तात्यांना पाहून तिनं विचारलं, "धरून बघता का?"

तात्यांनी आमच्या टिलरच्या हिशेबानं सगळा जोर लावला. हलकं मशीन गर्रकन फिरलं आणि तात्यांना घेऊन शेजारच्या वांग्यात शिरलं. एका दगडावर आपटून पात्यांच्या दांड्याची पिन तुटली.

सोबतचं माहितीपुस्तक चिनी भाषेत होतं. तात्यांनी ते सुलटं धरलं, मग उलटं.

"पिनीचं कुठं लिवलंय?"

"चित्र हाय की," मी म्हणालो.

पुण्याच्या विक्रेत्यानं पिनीला महिना लागेल सांगितलं. आम्ही वर्कशॉपला आलो, मी ती तासाभरात लेथवर कातली आणि परत जाऊन बसवून दिली. बाई म्हणाली, "पिन तुमची चांगली हाय तात्या. पण मशीन त्यांचंच बरं."

तात्या परतीच्या वाटेवर म्हणाले, "खोटं न्हाय बोलली."

पुढच्या हंगामात आमच्या टिलरला एकही गिऱ्हाईक आलं नाही. पण इंदापुरापासून लोक चिनी टिलरच्या पिना, पाती, लोखंडी चाकं करून घ्यायला येऊ लागले. आमचे दोन फिटर लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला गेले. मला वाईट वाटलं. अख्खं मशीन उभं करणारे आम्ही, आता पिना कातत होतो.

तात्यांनी मात्र एक जुना चिनी टिलर विकत घेतला, पार खोलला आणि परत जोडला. चार बोल्ट उरले. तरी तो चालला.

"हे चार त्यांनी उगाच घातले व्हते," तात्या म्हणाले आणि बोल्ट खिशात टाकून जेवायला गेले.