आबांच्या पायातला काटा

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "ताई, तुम्हाला डायबेटीस आहे. टाइप टू. म्हणजे शरीरात इन्शुलिन तयार होतं, पण ते नीट काम करत नाही. म्हणून साखर रक्तातच राहते." मग पेन उघडून त्यांनी विचारलं, "फॅमिली हिस्टरी? म्हणजे आईवडील, भावंडं, घरात आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही," मी ठसक्यात सांगितलं. "आमचं शिरपूरकडचं शेतकरी घराणं. वडील पायात काटा चिघळून गेले, नाहीतर शंभरी गाठली असती."

डॉक्टरांनी कागदावर 'नाही' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडायचे, कानाला हेडफोन, समोर बोर्ड. उन्हाळ्यात तहान वाढली तेव्हा मी मनावर घेतलं नाही. जळगावच्या उन्हाळ्यात तहानेला लक्षण कोण म्हणेल? पण थंडी पडली, बाजारात भरिताची वांगी आली, तरी माझा पाण्याचा तांब्या दर तासाला रिकामा व्हायचा. बोर्ड सोडून बाथरूमला पळणं इतकं वाढलं, की सुपरवायझर म्हणाल्या, "तुमची खुर्ची तिकडेच हलवू का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण नंतर कॉलच्या चिठ्ठीवरचे आकडे पुसट दिसायला लागले, तेव्हा माझं हसू थांबलं.

दोन तपासण्या झाल्या. फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटी, आणि पीपी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी. दोन्ही वाढलेल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात कमी केला, गूळ-साखर बंद केली आणि घरी रक्त तपासायला शिकवलं. तेव्हा ही गोष्ट नवीच होती. त्या पट्ट्या जळगावात मिळत नसत, डॉक्टरांनीच मुंबईहून बाटली मागवून दिली.

रीत अशी. हात धुवायचे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकावर घ्यायचा. मिनिटभर थांबून कापसाने पुसायचा. पुन्हा मिनिटभर थांबायचं आणि पट्टीचा जो रंग होईल, तो बाटलीवरच्या रंगीत चौकोनांशी ताडून पाहायचा. फिका असेल तर ठीक, गडद होत गेला तर साखर जास्त. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या सकाळी मी सुई हातात घेऊन इतका वेळ बसले, की चहा निवून गेला. हे, म्हणजे माझे यजमान, दाराआडून म्हणाले, "मी टोचू का? इतक्या वर्षांचा बदला घेतो." त्या रागात मीच टोचून घेतली.

महिनाभरात हात बसला. फक्त बोटं ठणकायची. बोर्डावर प्लग लावताना कळ यायची.

अशात माझा मोठा भाऊ नाना घरी आला. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मागे त्यानेच घर सांभाळलं, माझं लग्नही त्यानेच लावून दिलं. कापसाच्या कामाला जळगावला आला की वांग्यांची पिशवी घेऊन येणार, हे ठरलेलं. सकाळी मी खिडकीशी बसून तपासणी करत होते. आजाराचं मी त्याला रात्रीच सांगितलं होतं. तो "हं" म्हणाला आणि झोपून गेला होता. मी सुई उचलली तसा तो खाटेवरूनच म्हणाला, "बोटना मझार टोचू नको वं. बाजूले टोच. मझार टोची का दिनभर ठणकस."

मी बोटाच्या मध्यावर न टोचता बाजूला टोचली. खरंच कमी दुखलं. थेंब पट्टीवर घेतला. मी कापूस उचलणार, तर तो म्हणाला, "थांब, मिनिट व्हऊ दे."

मी पट्टी खाली ठेवली. उठले आणि त्याचा हात हातात घेतला. नांगर आणि विळ्याने खरबरीत झालेली ती बोटं मी लहानपणापासून पाहिलेली. त्यांच्या कडेला काळे बारीक ठिपके होते, ओळीने. मी ते कितीदा पाहिले असतील आणि कापसाच्या पऱ्हाटीची बोंडं ओरबाडतात म्हणून सोडून दिलं असेल.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने हात सोडवून घेतला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला सहा-सात वर्षांपासून साखर होती. धुळ्याचे डॉक्टर तपासायचे, गोळ्या तिथूनच यायच्या, आणि अलीकडे पट्ट्याही. शिरपूरला कुणाला कळू नये म्हणून धुळे. वहिनीला माहीत होतं. काकांना माहीत होतं. आणि आबांना हाच आजार होता.

"काटा लागना व्हता, ते खोटं नही," नाना म्हणाला. "पन पायले काही समजेच ना. काटा आठ दिन मझारच ऱ्हायना. धुळाले लई गऊत तवय पाय काळा पडी गयता."

धुळ्याला नेईपर्यंत पाय काळा पडला होता. गँगरीन म्हणतात त्याला, म्हणजे पायाचं मांस मरून जातं. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, न्यूरोपथी होते, म्हणून काटा रुतलेला कळत नाही. हे मला आता डॉक्टरांनी शिकवलं होतं. आमच्या घरात ते आधीच सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग मला का सांगितलं नाही?"

"तुनं लगीन ठरेल व्हतं ना. साखरनं घर म्हनतीन लोके. कोन करतं?"

म्हणजे माझ्याच भल्यासाठी. लग्नानंतर मात्र इतकी वर्षं गेली, त्यात एक दिवसही त्याला सापडला नाही. मी माझ्या पोरांना उठता-बसता सांगत आले, चप्पल घाला रे, तुमचे आजोबा काट्याने गेले. जिल्ह्यातले जन्ममृत्यू, सोयरिकी, भांडणं माझ्या हेडफोनमधून जायची आणि माझ्या घरची बातमी मला नव्हती. मला रडू आलं नाही. राग आला. अजूनही येतो.

जाताना नाना दारात थांबून म्हणाला, "कुसुमनं जामनेरले जमी ऱ्हायनं. तिनं लगीन व्हई जाऊ दे. तवलोंग गप ऱ्हाय." कुसुम ही त्याची मुलगी, तिची सोयरीक जामनेरला जुळत होती आणि लग्न होईपर्यंत मी गप्प राहायचं होतं. म्हणजे तोच डाव, पुढच्या लेकीवर.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे तुमच्या लोकांनी मला फसवलं म्हणायचं!" आणि मोठ्याने हसले. त्यांना हसता आलं, कारण फसवणूक त्यांच्या रक्तात नव्हती.

मी डॉक्टरांकडे जाऊन म्हटलं, "ते 'नाही' खोडा. वडिलांना होता, भावाला आहे." त्यांनी खोडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तोवर माझ्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर साखरेने आलेले ठिपके सांगितले होते. मी विचारलं, "आधी कळलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "आधी तपासलं असतं, आधी सापडलं असतं. डोळे कदाचित वाचले असते. आता आहे ते सांभाळू." त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

हे वाचणाऱ्या कुणाला नुकतंच हे दुखणं लागलं असेल, तर सुईला भिऊ नका. बोटाच्या कडेला टोचा. पाय रोज बघा. आणि वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्यात कोण कशाने गेलं. काटा म्हणाले, तर पुन्हा विचारा.

त्या वर्षी मी आखाजीला, म्हणजे लेकींच्या माहेरपणाच्या अक्षय्यतृतीयेला, माहेरी गेले नाही. श्रावणात कानबाईला, आमच्या कुळाच्या देवीच्या सणाला, गेले. कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांना, आमचे सगळे भाऊबंद जमतात. पण रोट खायचे ते त्या कुळातल्यांनीच, बाहेर घासही जाऊ द्यायचा नाही. लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची, तिला आमच्याकडे रोट चालत नाहीत. तिच्यासाठी वेगळी भाकर टाकतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

नैवेद्य व्हायचा होता, सगळे उपाशीच होते. मी ओसरीवर बाटली, कापूस, सुया मांडल्या आणि आधी माझं बोट टोचलं. कुसुम जवळ येऊन बसली. मी तिची फुई, म्हणजे आत्या. "फुई, हाई काय शे वं?"

"साखर तपासते. मला डायबेटीस आहे. आपल्या आबांना होता, ते त्यानेच गेले."

वहिनी पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "आज घरमां कानबाई बठेल शे! आजना दिन कसाले रगत काढी ऱ्हायन्यात, ताई?"

"उद्या सगळे पांगतील म्हणून," मी म्हटलं. मग कुसुमला म्हटलं, "बाई, तू पण सासरी जाशील. रोट सुटतील. हे नाही सुटत. आज नसेल, पण दरवर्षी बघत जा. जामनेरच्या लोकांना मी स्वतः सांगेन. मोडलं तर माझ्यावर खापर फोड."

कुसुमने बोट पुढे केलं. नवी सुई घेतली, टोचलं, मिनिट मोजलं, पुसलं. पट्टी सगळ्यात फिक्या चौकोनाशी जुळली. माझा जीव भांड्यात पडला. कुसुमने पट्टी स्वतः उजेडात धरून पाहिली आणि मान वर न करता विचारलं, "आन् नानाले?"

नाना दारात उभा होता. मागे काका, चुलत भाऊ, त्यांची पोरं, सगळे भाऊबंद. तो त्यांच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. मग येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि हात पुढे केला.

"मनं बी पाह्य," म्हणाला.

मी नवी सुई घेतली. बोटाच्या कडेला, त्या काळ्या ठिपक्यांच्या ओळीतच टोचली. जरा जोरातच टोचली.