ग्रंथ चालू आहे, प्रश्न नको!

बौद्धांच्या वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने रोज संध्याकाळी तीच माणसं तोच ग्रंथ ऐकायला बसली, की किस्से आपोआप साचतात. आमच्या नांदेडच्या विहारात ते जरा जास्तच साचतात, कारण इथे एक नियम आहे: ग्रंथवाचन चालू असताना मधे बोलायचं नाही. प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही! मी फ्रॉक घालून आईच्या मांडीवर बसायचे, तेव्हापासून हा नियम ऐकतेय. एकदा मी विचारलं होतं, "का नाही विचारायचं?" तर उत्तर मिळालं, "ह्यो बी प्रश्नच झाला. गप बस!"

मग माणसं बोलतात कुठे? बाहेर, पायऱ्यांवर, चपला शोधताना.

*

वाचनाचा मान वर्षानुवर्षं सोनकांबळे गुरुजींचा. नायगावच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. आवाज असा की माईक नसला तरी चालेल, पण माईकशिवाय ते तोंड उघडणार नाहीत.

एका वर्षी गुरुजी तल्लीन होऊन वाचत होते. सिद्धार्थाने राजवाडा सोडला, सारथी छन्नाला घोड्यासकट परत पाठवलं, आणि पुढच्याच ओळीत तो सुजाताने आणलेली खीर खाऊ लागला! मधली सगळी तपश्चर्या गायब. हॉलमध्ये कुणी हूं का चूं केलं नाही. लोक डोळे मिटून माना डोलवत होते.

वाचन संपल्यावर मी ग्रंथ उघडून पाहिला. आदल्या वर्षी समारोपाला खीर वाटली होती, ती नेमकी तिथेच सांडली होती. पानं घट्ट चिकटलेली.

"गुरुजी, पानं चिकटलीत."

"मला लगेच कळलं होतं बेटा."

"मग थांबला का नाहीत?"

"मधीच थांबलो असतो तर लोकांनी विचारलं असतं ना, काय झालं म्हणून!"

*

यंदा गुरुजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वाचन माझ्याकडे आलं. विहार कमिटीचे अध्यक्ष नरवाडे काका. वीज खात्यात होते, आता रिटायर. ग्रंथ माझ्या हातात देताना ते म्हणाले, "वाचायचं. शिकवायचं न्हाई."

मी एम.एस्सी. केमिस्ट्री. प्रश्न विचारला नाही म्हणून कॉलेजात बोलणी खाल्लेली! पण वाचायला मिळत होतं, म्हणून मान हलवली. आणि पहिल्याच दिवशी वाचून झाल्यावर माईकवरून विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

पहिल्या रांगेत बसलेल्या कमिटीने असं बघितलं, जणू मी विहाराचा फ्यूजच काढला.

*

पंचशील आमच्याकडे सगळ्यांना पाठ, तेही पालीत. त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या किसनमामांचा. "सुरामेरय" आलं की मामा छाती काढून म्हणतात.

एका संध्याकाळी मी एकेक शील मराठीत उलगडून सांगितलं. म्हटलं, हा कुणाचा हुकूम नाही. "शिकण्यासाठी हा नियम मी स्वतः घेतो" असं आपण म्हणतो. मोडला तर शिक्षा करायला वर कुणी बसलेलं नाही. आपणच आपल्याला दिलेला शब्द आहे तो. आणि पाचव्यात आपण दारूचं नाव घेऊन शब्द देतो.

सुटल्यावर मामांनी मला पायऱ्यांवर गाठलं.

"लई वाईट केलंस पोरी."

"काय झालं मामा?"

"इतकी वर्षं मी पालीत सोडली होती. आता मराठीत सोडावी लागून राहिली!"

*

असे किस्से फक्त आमच्याच विहारात घडतात असं नाही. लातूरला मावशीकडे गेले होते, तेव्हा त्यांच्या विहारात ध्यानाचा वर्ग चालू होता. शिकवणारे सर सांगत होते, "कुठलाही आवाज आला तरी त्याच्यामागे धावू नका. 'आवाज आहे' एवढंच जाणा. तो येईल तसा जाईल. अनित्य आहे." सगळे डोळे मिटून बसले. खरंच छान शांतता पसरली.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "नळ आला ऽऽ!"

मी डोळे उघडले तर हॉलमध्ये मी आणि सर, दोघंच! बाकी सगळे धावले होते. मावशी तर माझी चप्पल घालून.

बऱ्याच वेळाने भिजल्या साडीने मावशी परत आली. सर जरा रागातच म्हणाले, "ताई, आवाज अनित्य आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

मावशी म्हणाली, "आवाजाचं ऱ्हाऊ द्या सर, आमच्या लातूरला पाणी लई अनित्य हाय!"

*

नांदेडला आमच्या शेवटच्या रांगेत गयाबाई आजी बसतात. मूळच्या उमरीच्या, आता लेकाकडे असतात. माझ्या वाचनाला पहिला हात त्यांनीच वर केला होता.

मैत्रीभावनेवर वाचून झालं. आजी म्हणाल्या, "सगळ्यांचं भलं चिंतायचं म्हंजी जाऊबाईचं बी का?"

मी समजावलं, "एकदम नाही आजी. आधी स्वतःचं, मग आपल्या माणसाचं, मग ज्याच्याशी घेणं ना देणं अशाचं. ज्याच्याशी पटत नाही त्याचं सगळ्यात शेवटी."

आजींनी समाधानाने मान हलवली. "मंग बरं हाय. जाऊबाईपर्यंत पोचंपर्यंत वर्षावास संपतोय!"

सगळ्या बायका हसल्या. पहिल्या रांगेतून काका म्हणाले, "ही काय चेष्टा लावलीय?"

*

एका किश्शाला मात्र कुणी हसलं नाही.

किसा गोतमीची गोष्ट होती. तिचं मूल मरतं. ते जिवंत करा म्हणून ती बुद्धांकडे येते. ते सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी घेऊन ये. ती दारोदार फिरते. मोहरी घरोघर असते, पण तसं घर मिळत नाही.

शेजारच्या गल्लीतल्या रेखावहिनी उठल्या. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी गेला. त्यांनी विचारलं, "तिला कळलं, ते ठीक. पण घरी गेल्यावर त्याचे कपडे दिसले असतील, तेव्हा काय केलं तिनं?"

मी म्हणणार होते, उत्तर मला येत नाही, पण आपण बोलूया. तेवढ्यात काका उभे राहिले, "शांतता ठेवा. ग्रंथ चालू हाय."

वहिनी बसल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मी घरी गेले तर म्हणाल्या, "माझं विचारणं चुकलं का गं?"

मी तशीच काकांकडे गेले आणि भांडले. काका शांतपणे म्हणाले, "यापुढं एक जरी प्रश्न झाला तरी ग्रंथ गुरुजींच्या हातात. त्यांचा डोळा आता बरा हाय."

वहिनींची मी किती समजूत घातली, ते माझं मला माहीत. त्या यायला तयार झाल्या, पण म्हणाल्या, "दाराजवळ बसीन."

*

परवा कालामांचं सुत्त, म्हणजे त्यांना केलेला बुद्धांचा उपदेश, वाचायला आला. कालाम लोक बुद्धांना म्हणतात, येणारा प्रत्येक साधू आपलंच खरं सांगतो, आम्ही कुणाचं मानायचं? बुद्ध म्हणतात, परंपरा आहे म्हणून मानू नका. ग्रंथात आहे म्हणून मानू नका. गुरू सांगतो म्हणूनही नाही. स्वतः पारखा, त्यानं भलं होतं का बघा.

मी वाचून थांबले. कुणाला काही विचारायचंय का, असं म्हणाले नव्हते. तरी गयाबाई आजी उठल्या.

"ग्रंथात हाय म्हणून मानू नका, असं हाय?"

"हो आजी."

"आन् ह्ये बी ग्रंथातच हाय?"

"हो."

"मंग ह्ये मानायचं का न्हाई?"

आधी किसनमामा हसले, मग अख्खा हॉल. काका ताडकन उठले.

"गयाबाई, बसा खाली. पोरी, पुढचं वाच."

"आजींचं उत्तर राहिलंय काका."

"उत्तर-बित्तर काही न्हाई! वाचतीस, का ग्रंथ देतीस गुरुजींकडं?"

हसणं थांबलं. दाराजवळ रेखावहिनी पदर सावरून उठायच्या बेतात होत्या.

मी माईक स्टँडवरून काढला आणि काकांच्या तोंडासमोर धरला.

"पुढचं वाचणार नाही. ग्रंथही देणार नाही. आजींनी विचारलंय, मानायचं का नाही? सांगा."

काकांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी कमिटीकडे. कमिटीने सतरंजीकडे. वहिनी परत खाली बसल्या.

माईक चालू होता. सगळ्या हॉलला काकांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.