चौदा घरांतले ढेकूण

मधली नऊ-दहा वर्षं आमच्या घरात ढेकूण नव्हता. साठनंतरच्या काळात मलेरियावाले वर्षातून दोनदा यायचे, भिंतींवर डीडीटी फवारायचे आणि दाराच्या चौकटीवर गेरूने तारीख लिहून जायचे. डास किती मेले ते त्यांनाच माहीत, पण ढेकूण मात्र गेले. बाजा अंगणात आणून आपटणं, सांध्यांत उकळतं पाणी ओतणं, भिंतीवरचे चिरडल्याचे लाल डाग पुसणं, ही कामं घरोघरच्या बायका हळूहळू विसरल्या. पुढे फवारणारे येईनासे झाले, चौकटीवरच्या तारखा चुन्याखाली गेल्या, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

म्हणून त्या फाल्गुनात माझी मुलगी उघडी काडेपेटी घेऊन आली आणि हा कोणता किडा म्हणून विचारू लागली, तेव्हा माझी चूक झाली. मी खरं उत्तर दिलं. ती चौथीत होती आणि तिने जन्मात ढेकूण पाहिला नव्हता. तिला इतका आनंद झाला की मी पेटी काढून घेण्याआधी ती बाहेर पळाली. आमच्या ओळीत आमचं धरून चौदा घरं. तासाभरात तिने तो अकरा घरांत दाखवून आणला. उरलेल्या दोन घरांना कुलूप होतं.

त्या दिवसापासून ओळीतले ढेकूण आमच्या घरचे ठरले.

याचा परिणाम चैत्रात दिसला. आमच्यापासून चौथ्या घरच्या मोठ्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आमच्याकडे रीत अशी की वऱ्हाडाचा जानोसा, म्हणजे मुक्काम, शाळेत असतो आणि पाहुण्यांच्या गाद्या ओळीतल्या घराघरांतून जातात. कोणाकडून किती गाद्या, किती उशा, हे एका वहीत लिहायचं काम ओळीतल्या सर्वांत वयस्क गृहस्थांकडे होतं. त्यांना सगळेच काकाजी म्हणत. आमच्या सहा गाद्या बायकोच्या माहेरून आलेल्या, चांगल्या रुईच्या. दर लग्नात वहीत पहिलं नाव आमचं असे. गाद्या दुसऱ्याच्या घरी जाऊन बसू नयेत म्हणून मी प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने एक ते सहा आकडे शिवून घेतले होते. ओळीत त्यावरून माझी बरीच थट्टा झाली होती.

काकाजी आले, बसले, चहा घेतला, उन्हाबद्दल बोलले. मग वही उघडून म्हणाले की तुमच्याकडची शिडी लागेल, मांडवाला. मी शिडी लिहून दिली. ते गाद्यांबद्दल एक अक्षर न बोलता उठले.

बायको दाराआड उभी होती. त्या नवरीला तिने लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं. नवरीची आई नोकरीवर जायची तेव्हा पोरगी आमच्याच घरी असायची. काकाजी दिसेनासे झाल्यावर बायको मला म्हणाली, "आपल्या गाद्या नाही नेल्या, तं मी त्या मांडवात पाय नाही ठेवत. सांगून ठेवते."

लग्नाला अठरा दिवस होते.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत पीकपाहणीचे तक्ते तपासत असे. आकडा चुकीचा असेल तर तो कुठे चुकला हे मागे मागे जाऊन शोधायचं, हे माझं पंधरा वर्षांचं काम. मी ठरवलं की आधी आपलं घर स्वच्छ करायचं आणि मग ढेकूण मुळात कोणाच्या घरून आले ते आकड्यांनी दाखवायचं.

पहिला भागच जड गेला. टिनाच्या छपरावर सकाळी नऊला एक गादी टाकली. नागपूरचं वैशाखाच्या तोंडचं ऊन, टिनाला हात लावता येईना. गादीवर वरच्या बाजूला अकरा ढेकूण मोजले होते. दुपारी बाराला पाहिलं तर एकही नाही. बायको खूश झाली. मी गादी उलटली. खालच्या बाजूला अकरा. पुन्हा तासाभराने पाहिलं तर ते परत दुसऱ्या अंगाला. दिवसभरात त्यांनी चार वेळा बाजू बदलली. उन्हाचा त्रास झाला तो मला. संध्याकाळी कांदा घेऊन मी निजलो.

मग डीडीटी. काचेच्या बरणीत वीस ढेकूण मोजून टाकले, वर पावडर भुरभुरली, झाकणाला बारीक भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीसही चालत होते. उलट आदल्या दिवसापेक्षा जास्त भराभरा. पावडर भेसळीची असेल म्हणून मी ती बरणी पिशवीत घालून इतवारीतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने बरणी उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की पावडर असली आहे, डासांवर नेणारेही हल्ली अशीच तक्रार घेऊन येतात, किडेच आता तिला जुमानत नाहीत. मी घरी येऊन पुन्हा मोजले तर एकोणीस. विसावा बसमध्ये राहिला की इतवारीत उतरला, हे मला आजही सांगता येत नाही. शहरात ढेकूण परत कसे पसरले याबद्दल लोक पुष्कळ काही सांगतात. त्यातला एक मी स्वतः पोचवला, एवढं मला लिहिलं पाहिजे.

शेवटी उकळतं पाणी, रॉकेल आणि सुई या जुन्याच उपायांवर आम्ही आलो. मी रोज पहाटे बॅटरी घेऊन सहाही गाद्या तपासायचो आणि नंबरवार आकडा लिहायचो. एकूण आकडा एकोणचाळीसवरून हळूहळू खाली येऊ लागला.

मग ओळीची पाहणी. कचेरीतून आलो की रोज दोन-तीन घरं. मी तक्ता आखून नेला होता: घर, बाजांची संख्या, ढेकूण पहिल्यांदा केव्हा दिसला, आज किती. तेरापैकी दहा घरांनी आमच्याकडे नाहीत म्हणून सांगितलं. त्या दहांपैकी आठ घरांत मला ते बसल्या जागेवरून दिसले. एका घरच्या बाईंनी सांगितलं की जे दिसतात ते शेजारच्यांचे, आमच्याकडे नुसते येऊन-जाऊन असतात. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब म्हणाले की लिहायचेच असतील तर "तात्पुरते" असं लिहा. शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांच्या बाजेत मी चार मोजले, तर त्यांना राग आला. शेजारच्या घरी नऊ लिहिले आणि आमच्याकडे चारच, असं कसं, नीट पाहा गा, म्हणून त्यांनी स्वतः बाज आपटून आणखी सात काढून दिले.

एक गोष्ट मात्र मला या फेऱ्यांत कळली. लोक आता पूर्वीसारखे घरात बसून नसतात. कोणाचा मुलगा भाड्याच्या खोलीत शिकायला, कोणाची बदली, कोणाच्या एसटीच्या फेऱ्या, कोणी आठवड्याला टॉकीजच्या खुर्चीत. ढेकणाला पाय थोडेच चालवावे लागतात. पावडर चालत नाही, आणि ज्याच्या घरी येतो तो बोलत नाही. प्रत्येक घर आपापली बाज लपूनछपून झाडत होतं आणि झाडलेलं अंगणाच्या भिंतीपलीकडे टाकत होतं.

तारखा कोणालाच आठवत नव्हत्या, पण सण आठवत होते. होळीच्या आधी, शिवरात्रीनंतर, पापड घातले त्या आठवड्यात. ते सगळं मी दिवसांच्या क्रमाने मांडलं. सर्वांत आधी गार्डसाहेबांकडे, मग शिंपीकाकांकडे, मग त्यांच्या आजूबाजूला. म्हणजे आमच्याकडे नव्हे. मला फार बरं वाटलं. आता या दोन घरांत एकाच वेळी काय आलं, एवढाच प्रश्न होता.

मी गार्डसाहेबांना विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं की माघातल्या लग्नानंतर जानोशातल्या गाद्या परत वाटताना घोळ झाला होता आणि त्यांच्याकडे दहा-बारा दिवस एक परकी गादी होती. कोणाची ते कळायला सोपं गेलं, कारण कोपऱ्यात लाल दोऱ्याने तीन लिहिलेलं होतं.

शिंपीकाकांकडे सहा नंबर होती.

तरीही मी हार मानली नाही. गाद्या गेल्या तेव्हा त्या स्वच्छ असतील, जानोशात त्यांना लागण झाली असेल. हे पाहायला मी माझी रोजनिशी काढली. मी दूध, पाऊस, दौरे, आजारपणं असं सगळं एका ओळीत लिहून ठेवतो. कार्तिकात, दौऱ्यावरून परत आल्यानंतरच्या आठव्या दिवशी, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "होल्डॉलजवळ गादीवर ढेकूण एक. मारला."

त्या दौऱ्यात मी तीन विश्रामगृहांत होल्डॉल, म्हणजे प्रवासातली अंथरुणाची वळकटी, उलगडून झोपलो होतो. परत आल्यावर एक दिसला, एक मारला, शिल्लक शून्य, असं धरून मी विषय संपवला होता. कोणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. आणि अडीच महिन्यांनी सहाही गाद्या हसतमुखाने काकाजींच्या वहीत लिहून दिल्या होत्या.

मी तो तक्ता आणि रोजनिशी बायकोपुढे ठेवली. तिने वाचलं. मग विचारलं, "हे कोणाले दाखवणार आहात?"

मी म्हणालो, सगळ्यांना. सगळ्यांच्या बाजा उलटवून मोजल्या, आता माझाच आकडा खिशात ठेवू का?

"ढेकूणवाले अकरा घरचे गुमान बसून राहिले," ती म्हणाली, "अन् तुम्हालेच एकट्याले खाज सुटली." त्यानंतर दीड दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. गाद्या जाव्यात म्हणून मी निघालो होतो आणि त्या कधीच जाऊ नयेत एवढा पुरावा गोळा करून आणला होता.

लग्नाच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, लग्नघरच्या ओसरीवर ओळीतली मंडळी कामं वाटून घ्यायला जमली. बायको आली नाही. मी उभं राहून तक्ता वाचला. घरांची नावं घेतली नाहीत, क्रमांक सांगितले. पण चौदा घरांत कोणता क्रमांक कोणाचा हे सगळ्यांना कळत होतं. मग रोजनिशीतली ओळ वाचली आणि म्हणालो की सुरुवात माझ्या घरापासून झाली, चूक माझी आहे, पोरीची नाही आणि तिच्या आईचीही नाही.

गार्डसाहेबांनी मांडी खाजवली आणि मग आपल्याकडे सगळे पाहतायत हे लक्षात येऊन हात काढून घेतला.

काकाजींनी चष्मा वर केला. "तुमच्या सहा गाद्यांत आज किती हायेत?"

मी कागद पाहिला. एक, दोन, चार, पाच शून्य. तीनमध्ये दोन. सहामध्ये तीन. एकूण पाच, आज पहाटेचे.

नवरीची आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "भाऊजी, बाकीच्यांच्या गाद्यांत किती हायेत थे देवालेच माहीत. तुमच्यावाल्यांचा आकडा तरी हाय. मले ठरवता येते ना, कोणती कोणाले द्याची." मग थोडा विचार करून म्हणाली, "शून्यवाल्या विहीणबाईकडे. तीन अन् सहा नवरदेवाच्या मामाले. सुपारी फुटली तवापासून त्याचं कायच पटून नाही राहिलं."

यावर ओसरी एकदम मोकळी झाली. शिंपीकाका म्हणाले की मग आमच्याही गाद्यांचा आकडा लिहून द्या. गार्डसाहेबांनी "तात्पुरते" हा शब्द मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक आपण होऊन गाद्या माझ्या अंगणात आणून टाकू लागले आणि मी प्रत्येकीला चिठ्ठी टाचू लागलो. त्या दोन दिवसांत ओळीत जेवढे ढेकूण मेले तेवढे आधीच्या दोन महिन्यांत मेले नसतील, कारण ते पहिल्यांदाच उघड्यावर, सगळ्यांसमोर मारले गेले.

काकाजी वही घेऊन आमच्या दारात आले ते लग्नाच्या आदल्या सकाळी. आमचं नाव लिहिलं, सहा गाद्या लिहिल्या, आणि माझ्या कागदावरून पुढे लिहिलं, ढेकूण पाच. त्या वहीत हा रकाना पूर्वी कधी नव्हता. मला सही करायला सांगितली. मी पेन घेतलं.

बायको आतून सहा नंबरची गादी दोन्ही हातांनी उचलून बाहेर आली. वहीत डोकावली. "पाच नाही, चार," ती म्हणाली. "एक आत्ताच मारला मी. दुरुस्त करा."

काकाजींनी पाच खोडून चार केला आणि खाडाखोड झाली म्हणून बाजूला तिची सही मागितली. तिने गादी डोक्यावर घेतली होती, ती न उतरवता एका हाताने सही केली, आणि भर रस्त्यातून शाळेकडे चालू लागली.