टीचरांची सरळ रेष

नळावर भांडणं जमतात तसे हरकतींच्या बैठकीत किस्से जमतात, मुद्दाम जमवावे लागत नाहीत. महापालिका निवडणुकीसाठी वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या, लोकांकडून हरकती मागवल्या, आणि गास गावाच्या बाजूच्या एका गावात आमची चौघांची टोळी तयार झाली. फिलोमिना टीचर रिटायर्ड, पण आवाज अजून शाळेतलाच. इनासभाऊ केळीच्या वाडीचे मालक. बाळू वरठा पाड्यावरचा, रिक्षा चालवतो. आणि मी रस्त्यापलीकडच्या टॉवरमधला, मूळचा चिपळूणचा. कामाने ड्राफ्ट्समन, त्यामुळे नकाशे माझ्या गळ्यात.

बैठक टीचरांच्या ओट्यावर. गाव रस्त्याच्या त्या अंगाला आणि टीचरांचं एकटं कौलारू घर आमच्या टॉवरांच्या मधोमध. बिल्डर येऊन येऊन दमले. टीचर प्रत्येकाला चहा पाजतात आणि परत पाठवतात.

*

टीचर मतदानाला गावातल्या शाळेत सगळ्यांच्या आधी हजर. एकदा बूथवाल्यांचं सामानही लागलं नव्हतं. साहेब वैतागून म्हणाले, "बाई, एवढी काय घाई?"

"घाई नाही. याच वर्गात मी मुलांना मत म्हणजे काय ते शिकवलं. उशिरा आले तर माझीच मुलं हसतील."

साहेबांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

*

नव्या नकाशात गाव मधोमध चिरलं होतं. अर्धं एका वॉर्डात, अर्धं दुसऱ्यात, दोन्हीकडे टॉवरांच्या मतांत बुडालेलं. गावाचा माणूस पुन्हा निवडून येणं कठीण, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. वर एका कोपऱ्यात हद्दीने मध्येच पोट काढून एकच सोसायटी आत घेतली होती.

मी म्हटलं, "काहीतरी टेक्निकल कारण असेल."

टीचरांनी चष्मा वर केला. "अरे, मी जन्मभर वह्या तपासल्या. पट्टीने मारलेली रेघ वाकली, की समजायचं, शेजारच्याने कोपर मारलंय."

*

गाव म्हणजे एकच वस्ती, हे पटवायचं होतं. इनासभाऊ म्हणाले, "चर्च एक, क्रूस एक, बावखल एक. आणखी काय पाहिजे?"

"बावखल म्हणजे तळं, हे सुनावणीच्या साहेबाला कोण सांगणार?" टीचर म्हणाल्या. "तू लग्नात चूलबंद आमंत्रण कुठवर देतोस, ते सांग."

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. इनासभाऊ एकेक घर सांगत गेले, मी खुणा करत गेलो. दोन्ही तुकडे एका हद्दीत आले. मी खूश झालो.

"आन आमचा पाडा?" बाळूने विचारलं. "इनासभाऊच्या पोरीच्या लग्नात आख्खा पाडा जेवला ना?"

*

गोम तिथेच होती. लोकसंख्येची मर्यादा सांभाळताना आमच्याच रेषेने पाड्याचे दोन तुकडे केले होते. बाळूने नकाशावर बोट ठेवलं. "माजं घर इकडं, भावाचं तिकडं. तुमच्या गावाचे तुकडे नको, पन पाड्याचे चालतील?"

इनासभाऊ कळवळून म्हणाले, "बाळू, आम्हीच थोडे. आमचंच कोण ऐकत नाही रे."

"तुझ्याहून थोडे हे आहेत," टीचर म्हणाल्या. "नकाशा फाडा."

"टीचर, उद्या शेवटचा दिवस."

"मग आजच फाडा."

त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या, आणि पहिला कप बाळूला दिला. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

*

आख्खा पाडा आत घेतला तर वॉर्ड फुगत होता. बरीच खटपट केल्यावर एक तोड निघाली. रस्ता हीच हद्द धरायची. टॉवर बाहेर, गाव आणि पाडा आत. आकडा बसला, पण इनासभाऊंचा चेहरा पडला.

"इथं जरा पोट काढू," ते हळूच मला म्हणाले. "एवढुसं. कोण बघतंय?"

टीचरांनी ऐकलं आणि पट्टी माझ्या हातात दिली. मी रेघ सरळ मारली.

*

सुनावणीला तोबा गर्दी. समोरचे अधिकारी सकाळपासून हरकती ऐकून कंटाळलेले. आमचा नकाशा बघत म्हणाले, "येतो तो आपलं घर आत घेऊन रेषा आखून आणतो. बाई, तुमचं घर कुठं आहे यात?"

टीचरांनी रस्त्यापलीकडे बोट ठेवलं.

अधिकाऱ्यांनी नकाशा जवळ ओढला. "अहो, हे तर बाहेर गेलं. गावात मत देता येणार नाही तुम्हाला."

"घर कुठं गेलंय, साहेब? ते आहे तिथंच आहे," टीचर म्हणाल्या. "पाड्याचं काय करताय, ते सांगा."