बशांची उतरंड

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सिस्टरच म्हणत. नवराही सिस्टरच म्हणायचा, विशेषतः भांडायचं असलं की. आयुष्यभर वॉर्डात लोकांचा ताप मोजलेल्या या बाईचा आकड्यावर जेवढा विश्वास, तेवढा माणसांवर नव्हता. रोगी म्हणणार बरं वाटतंय, नातेवाईक म्हणणार फार झालंय. खरं काय ते थर्मामीटर सांगणार. हे त्यांचं साधं शास्त्र, आणि ते त्यांनी घरातही तसंच चालवलं.

नवरा बसवर ड्रायव्हर होता, म्हणून त्या त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणत. हिवाळ्यात एकदा जेवता जेवता ड्रायव्हरसाहेबांच्या छातीत कळ आली आणि घास ताटातच राहिला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चाला, पण उन्हाळ्यात पारा अडतीसच्या वर गेला तर दुपारचं बाहेर पडू नका. ड्रायव्हरसाहेबांना नेमकं दुपारीच बाहेर पडायचं असे. डेपोची पाळी दुपारी बदलते, तेव्हा फाटकाजवळच्या बाकावर जुने ड्रायव्हर-कंडक्टर जमतात आणि नव्या पोरांना गाडी कशी चालवता येत नाही यावर एकमत करतात. ड्रायव्हरसाहेबांना जगात दुसरा शौक नव्हता.

परगावी असलेल्या लेकीने घरगुती हवामान यंत्र पाठवलं. एक सेन्सर बाहेर टांगायचा, आकडा घरातल्या छोट्या पडद्यावर दिसायचा. सिस्टरनी सेन्सर गॅलरीच्या कठड्याला बांधला. उन्हाळा लागला तसा पडदा दुपारी चव्वेचाळीस दाखवू लागला, कधी सेहेचाळीस. मग काय, विषयच संपला. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. सिस्टर तर पाणीसुद्धा फुंकत होत्या.

ड्रायव्हरसाहेब रोज जेवण झालं की बूट चढवून खुर्चीत बसत.

"किती?" ते विचारत. चष्म्याशिवाय त्यांना पडदा दिसत नसे आणि चष्मा शोधायचा त्यांना कायमचा कंटाळा.

"पंचेचाळीस."

मग ते बूट काढत. आधी कुरकुरत, मग कुरकुर थांबली. माणूस मूग गिळून बसायला लागला. भरल्या घरात असा गप्प बसलेला माणूस बघवत नाही, सिस्टरनाही बघवत नव्हता. पण आकडा तो आकडा.

एक दिवस लेकीचा फोन आला. "आई, बातम्यांत तर तुमच्याकडे सदतीस म्हणतायत. तुझं यंत्र एवढं कसं दाखवतं?"

"त्यांचं यंत्र कुठे लावलंय कुणास ठाऊक. माझं माझ्या गॅलरीत आहे."

"गॅलरीत म्हणजे उन्हात आहे," खुर्चीतून आवाज आला. "काय हो सिस्टर, रोग्याला गरम चहा पाजून लगेच ताप मोजायचा असतो का?"

सिस्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा त्यांचाच नियम होता. तोंडात थर्मामीटर घालायच्या आधी काय खाल्लं-प्यायलं ते विचारा, म्हणून त्यांनी कित्येक शिकाऊ मुलींना रडवलं होतं. आणि इथे सेन्सर उन्हाचे घोट घेत होता, आणि त्या त्याचा ताप हवेच्या नावावर लिहीत होत्या. इतके दिवस.

चूक कळली, पण ती सुधारताना त्यांच्यातली नर्स आडवी आली. वॉर्डातली बाई कुठलीही वस्तू उघडी ठेवत नाही. त्यांनी औषधांचा एक पांढरा डबा घेतला, सेन्सर आत घातला, झाकण घट्ट लावलं आणि डबा परत कठड्याला टांगला. ऊन नाही, धूळ नाही. दुपारी पडद्यावर एकावन्न. ऊन गेल्यावरही आकडा उतरायला तयार नाही.

"उकडून निघाला बिचारा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी विनोद केला होता, म्हणून सिस्टर उलटून बोलल्या नाहीत.

त्या डब्याला हात लावून उभ्या राहिल्या. डबा तापला होता, मागची भिंतही. मग त्यांना वॉर्डाच्या जुन्या खिडक्या आठवल्या. तिरक्या पट्ट्यांच्या झडपा होत्या त्यांना. ऊन खाटेपर्यंत येत नसे, पण वारा खेळता असे. नवीन इमारतीत काचा आल्या आणि रोगी घामाघूम व्हायला लागले, तेव्हा सगळ्यात जास्त बोंब त्यांनीच मारली होती. जे रोग्याला नको ते सेन्सरला कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंड्यांखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा आणल्या. एक अख्खी ठेवली, ती छप्पर. बाकीच्यांना मधोमध भोक पाडायचं होतं. कात्रीने पहिली बशी तडकली. मग त्यांनी स्टीलचा पेला गॅसवर तापवून चिमट्यात धरला आणि त्याची कड बशीवर दाबली. गोल चकती अलगद खाली पडली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, ड्रायव्हरसाहेब खोकत म्हणाले, "मला मारायचा हा नवा मार्ग का?" पण खिडकी उघडून ते जवळ येऊन बसले, आणि बशा धरायला लागले.

दोन बशांमध्ये बोटभर फट हवी होती. घरात मुदत संपलेल्या कोऱ्या सिरिंजांचं पाकीट होतं. सिस्टरनी त्यांच्या नळ्या सारख्या मापाने कापल्या. बशांच्या कडेला बारीक छिद्रं पाडून, लांब आट्यांच्या तीन सळ्यांवर एक बशी, मग नळ्या, मग पुन्हा बशी, सगळ्या पालथ्या, अशी उतरंड रचली. नट ड्रायव्हरसाहेबांनी आवळले. पाना हातात आल्यावर त्यांना वेगळंच तेज चढलं. सेन्सर भोकांच्या पोकळीत लोंबत ठेवला, आणि ती उतरंड गच्चीवर, भिंतीपासून लांब, एका खांबाला बांधली. ऊन बशांवर पडत होतं आणि वारा फटींतून आरपार जात होता.

जेवण झालं. ड्रायव्हरसाहेबांनी बूट चढवले.

"किती?"

पडद्यावर साडेछत्तीस होते. सिस्टर बघत राहिल्या. आता आड यायला काही उरलं नव्हतं. त्यांना एकदम लख्ख कळलं की आपल्याला भीती उन्हाची कधी नव्हतीच. हा माणूस दाराबाहेर गेला आणि परत आलाच नाही तर, ही भीती होती. चव्वेचाळीसचा आकडा त्या भीतीला फार सोयीचा होता, म्हणून तो एकदाही तपासावासा वाटला नाही. आणि आत्ता एकोणचाळीस म्हटलं तर कुणाला कळणार होतं? चष्मा नेहमीसारखा कुठेतरी पडलेला होता.

"किती गं?"

"साडेछत्तीस," सिस्टर म्हणाल्या. "जा. पाण्याची बाटली घ्या."

पडत्या फळाची आज्ञा. ते गेलेसुद्धा. परत येईपर्यंत सिस्टरनी घरातलं प्रत्येक भांडं दोनदा पुसलं. ते आले ते घामेजलेले, खुशीत, आणि डेपोतल्या कुणा नव्या पोराला शिव्या देत.

मग रोजचंच झालं. कधी सदतीस, कधी छत्तीस. ते जात आणि येत. सिस्टरचं भांडी पुसणं दोनदावरून एकदावर आलं, पण थांबलं नाही.

एका दुपारी वारा पडला. गल्लीतली कुत्रीसुद्धा पायऱ्यांखाली शिरली.

"किती?"

"एकेचाळीस," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटलं. "खरंच एकेचाळीस आहे हो. थांबा, चष्मा देते, तुम्हीच बघा."

"कशाला?" ड्रायव्हरसाहेब वाकून बुटाची नाडी सोडायला लागले होते. "त्या दिवशी साडेछत्तीस म्हणताना तुझा चेहरा बघितला मी. त्याला चष्मा लागत नाही."

दुसऱ्या बुटाची गाठ पक्की बसली होती. सिस्टर खाली बसल्या, ड्रायव्हरसाहेबांचा पाय मांडीवर घेतला आणि गाठ सोडवत राहिल्या.